घरांतील नळांची दुरुस्ती: शेतकऱ्यानें स्वतः करावयाचीं कामें

मोटेचा नाडा तुटला किंवा जुवाची शिवळ मोडली, म्हणून शेतकरी कधीं हातावर हात धरून बसला नाहीं. नाडा कसा सांधावा आणि शिवळ कशी बसवावी, हें तो लहानपणींच वडिलांच्या शेजारीं उभा राहून शिकत असे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरांत आज नळ गळूं लागला, तर तो तोटीला चिंधी बांधतो, खालीं बादली ठेवतो आणि तालुक्याच्या गांवाहून फिटर येण्याची वाट पाहतो. काम अवघड आहे, हें याचें कारण नव्हे. नळ, टाक्या व प्लास्टिकच्या नळ्या आपल्या घरांत एक-दोन पिढ्यांमागें आल्या. त्यांची विद्या मात्र त्यांच्याबरोबर आली नाहीं, हें खरें कारण होय.

१५ ऑगस्ट २०१९ रोजीं जल जीवन मिशनची घोषणा झाली व त्यानंतर खेडोपाडीं घरोघर नळ देण्याच्या कामास वेग आला. या योजनेंत दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी हें प्रमाण धरलेलें आहे. आतां गळक्या नळाखालीं एक तांब्या ठेवून घड्याळ पाहावें. तासाभरांत १ लिटर पाणी जमलें, तर दिवसाचे २४ लिटर, ३० दिवसांच्या महिन्याचे ७२० लिटर व वर्षाचे ८,७६० लिटर झाले. म्हणजे थेंबाथेंबानें गळणारी ती एक तोटी घरांतील एका माणसाच्या वांट्याचें दोन-पंचमांशाहून अधिक पाणी रोज गिळते. पिकाच्या पाटाला घूस लागली, तर आपण रात्रीं कंदील घेऊन धांवतों. घरांतील या घुशीकडे मात्र आपलें लक्ष जात नाहीं.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वतःच्या घरींच मिळाला. वैशाखाचे दिवस होते व गांवास पाणी चार दिवसांआड येत असे. रात्रीं ५०० लिटरची टाकी भरून आम्ही निजलों आणि पहांटे धार काढण्याच्या वेळीं पाहतों तों टाकी कोरडी! न्हाणीघरामागील नळीचा सांधा निसटून सारें पाणी परसांत गेलें होतें. दावणीला दोन म्हशी व एक गाय उभी. फिटरास निरोप धाडला. तो तिसरे दिवशीं आला आणि त्याचें काम अर्ध्या तासांत संपलें. तोंपर्यंत घरच्या मंडळींनीं दोन किलोमीटरांवरील विहिरीवरून पाणी वाहिलें. फिटर गेल्यावर आई एवढेंच म्हणाली, "अरे, इतकें तुला येत नव्हतें?" त्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं जें शिकावें लागलें, तेंच पुढें क्रमानें दिलें आहे.

१. काम सुरू करण्यापूर्वीं

घरांत पुढील वस्तु एका पेटींत असाव्या: एक लहान व एक मोठा सरकता पान्हा, पक्कड, पेचकस, लोखंड कापावयाची करवत, कानस, टेफ्लॉनची फीत, निरनिराळ्या मापांचे चार-सहा वायसर, नळी जोडण्याच्या सिमेंटचा डबा, आपल्या घरांत ज्या मापाच्या नळ्या असतील त्या मापाचे दोन-तीन जोड, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी. हें सामान एकदां जमविलें म्हणजे पुष्कळ वर्षें पुरतें. सिमेंट मात्र डब्यांत घट्ट होऊं लागल्यास टाकून द्यावें.

सामानापेक्षांहि महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाणी कोठें बंद होतें, हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास माहीत असणें. गांवच्या नळाचा आपल्या घरांत येणारा कॉक, टाकीच्या बुडाशीं असलेला कॉक, आणि न्हाणीघर व स्वयंपाकघर यांचे वेगळे कॉक असल्यास तेहि, सर्वांस दाखवून ठेवावे. वर्षानुवर्षें न फिरविलेला कॉक ऐन वेळीं अडतो. यास्तव महिन्यांतून एकदां तो पूर्ण बंद करून पुन्हां उघडावा. टाकीला कॉकच नसेल, तर बाकीचें सर्व सोडून तो आधीं बसवून घ्यावा.

२. गळती आहे कीं नाहीं, हें शोधणें

डोळ्यांस दिसणारी गळती थोडी आणि भिंतींत व जमिनींत मुरणारी अधिक असूं शकते. तिची परीक्षा अशी. रात्रीं सर्व नळ बंद करून टाकींत येणारें पाणीहि बंद करावें व आंतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळीं कोणीं नळ सोडण्यापूर्वीं पातळी पाहावी. ती खालीं गेली असेल, तर कोठेंतरी गळती आहे. दुसरे रात्रीं टाकीच्या बुडाचा कॉकहि बंद करून तीच परीक्षा करावी. या वेळीं पातळी तशीच राहिली, तर टाकी निर्दोष असून दोष नळींत आहे. या वेळींहि उतरली, तर टाकी किंवा तिचा सांधा गळतो. पुढें एकेका भागाचा कॉक बंद करीत गेलें असतां दोष नेमका कोणत्या भागांत आहे, हें कळतें. भिंतीवरील ओल, अंगणांत एकाच जागीं हिरवें राहणारें गवत आणि मुंग्यांची सतत वर्दळ या खुणाहि उपयोगी पडतात.

३. गळका नळ

नळ दोन जातींचे असतात. ज्याची चावी बंद करण्यास अनेक वेळां फिरवावी लागते, त्यांत वायसर असतो. जो पाव फेऱ्यांत उघडतो व मिटतो, त्यांत बहुधा चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात.

पहिल्या जातीचा नळ तोंडांतून गळत असेल, तर वायसर झिजला आहे असें समजावें. प्रथम पाणी बंद करून नळ उघडा ठेवावा व नळींत राहिलेलें पाणी जाऊं द्यावें. मोरीच्या जाळीवर फडकें टाकावें, नाहीं तर लहान स्क्रू त्यांत जातो. चावीचा स्क्रू काढून चावी उचलावी. खालच्या षट्कोनी नटावर कापड गुंडाळून पान्हा लावावा व नट घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरवावा. या वेळीं नळाचें अंग दुसऱ्या पान्ह्यानें घट्ट धरणें अवश्य आहे. तसें न केल्यास नटाबरोबर सारा नळ फिरतो आणि भिंतींतील सांधा सुटतो. मग लहान दुखणें मोठें होतें.

दांडा बाहेर आला म्हणजे त्याच्या टोंकाशीं वायसर दिसेल. जुना वायसर दुकानांत नेऊन त्याच मापाचा नवा आणावा. नवा बसविण्यापूर्वीं नळाच्या आंतील बैठकीवर बोट फिरवून पाहावें. ती गुळगुळीत असेल तर ठीक. खांच पडलेली लागल्यास नवा वायसर फार दिवस टिकणार नाहीं. अशा वेळीं बैठक घासून घ्यावी किंवा नळच बदलावा. दांडा पुन्हां बसवितांना तो उघड्या स्थितींत ठेवावा. मिटलेल्या स्थितींत नट आवळल्यास नवा वायसर पहिल्याच दिवशीं चेंगरतो.

पाणी तोंडांतून न येतां चावीच्या बुडाशीं येत असेल, तर दोष वायसराचा नाहीं. दांड्याभोंवतालचा लहान नट पाव फेरा आवळून पाहावा. तेवढ्यानें थांबलें नाहीं, तर तो सोडून दांड्याभोंवतीं टेफ्लॉनच्या फितीची दोरी करून चार वेढे द्यावे व नट पुन्हां बसवावा.

दुसऱ्या जातीच्या नळांत वायसर बदलण्याचा प्रश्न नसतो. आंतील भाग काढून त्यावरील रेती धुवावी. पांढरे क्षार धरले असल्यास तो थोडा वेळ लिंबाच्या रसांत किंवा व्हिनेगरमध्यें ठेवावा. तरीहि गळत असेल, तर तो भाग नमुन्यास नेऊन अगदीं तसाच दुसरा आणावा.

एक सूचना सर्व घरांस लागू आहे. नळ गळूं लागला म्हणजे जो तो चावी अधिक जोरानें आवळतो. त्यामुळें गळती थांबत नाहीं. उलट वायसर फाटतो व बैठकीला खांच पडते. जोर वाढवावा लागणें हीच वायसर बदलण्याची वेळ झाल्याची खूण होय.

४. टाकी भरून वाहणें

टाकींत किंवा गुरांच्या डोणींत पाणी आपोआप बंद होण्यासाठीं चेंडूचा कॉक बसवितात. पाणी चढलें म्हणजे चेंडू वर तरंगतो व त्याची दांडी पाण्याचें तोंड मिटवते. टाकी वाहूं लागल्यास चेंडू हातानें वर उचलून पाहावा. उचलल्यावर पाणी थांबलें, तर कॉक चांगला असून चेंडू पुरेसा वर येत नाहीं, असें झालें. मग चेंडू काढून कानाशीं हालवावा. आंत पाणी वाजलें तर तो फुटला आहे, तेव्हां बदलावा. तो कोरडा असेल, तर दांडी किंचित खालीं वांकवावी अथवा तिचा स्क्रू खालच्या खांचेंत घ्यावा. चेंडू उचलूनहि पाणी थांबलें नाहीं, तर कॉकच्या तोंडांत रेतीचा कण अडकला आहे किंवा तेथील वायसर झिजला आहे. तो खोलून साफ करावा.

५. फुटलेली नळी

पाणी बंद करतां येत नसेल, तर तूर्त सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून फुटीवर घट्ट गुंडाळावी व वर तार आवळावी. हें ठिगळ रात्र काढण्यापुरतें आहे, हें विसरूं नये.

पक्क्या दुरुस्तीसाठीं फुटलेला भाग काटकोनांत कापून काढावा. जमिनींतील नळी असल्यास दोन्ही बाजूंस हात-दीड हात अधिक उकरावें. नळी थोडी वांकल्याशिवाय जोड आंत सरकत नाहीं. भेग लांब असेल, तर तेवढा नवा तुकडा घालून दोन जोड वापरावे. कापलेली कड कानसीनें गुळगुळीत करावी, नळी व जोड कोरड्या फडक्यानें पुसावे आणि नळी जोडांत किती जाते, तेथवर खूण करावी. नंतर दोहोंस सिमेंटचा पातळ थर लावून लगेच नळी खुणेपर्यंत घालावी, पाव फेरा द्यावा व अर्धा मिनिट तशीच धरून ठेवावी. बाहेर आलेलें सिमेंट पुसून टाकावें. ओल्या नळीवर केलेला सांधा धरत नाहीं. डब्यावर लिहिलेला अवधि पाळावा. सायंकाळीं सांधा केल्यास पाणी सकाळीं सोडावें, तेंहि हळूहळू. सिमेंटच्या वाफा पेट घेतात, यासाठीं जवळ बिडी किंवा चूल नसावी.

ऊन पाण्याच्या नळ्या सीपीव्हीसीच्या असतात व बहुधा फिकट पिवळट रंगाच्या मिळतात. साध्या पीव्हीसीच्या नळ्यांतून ऊन पाणी नेऊं नये. दोहोंचीं सिमेंटेंहि वेगळीं आहेत. पिण्याच्या पाण्यासाठीं साधी नळी घेतांना तिच्यावर आय. एस. ४९८५ व ऊन पाण्याच्या नळीवर आय. एस. १५७७८ हा क्रमांक छापलेला आहे कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. उन्हांत उघडी राहिलेली पीव्हीसीची नळी कांहीं वर्षांनीं ठिसूळ होते. ती मातीखालीं घालावी किंवा रंग देऊन झांकावी.

आट्यांच्या सांध्यांस पूर्वीं सूत व सफेता लावीत. शिशाचा सफेता विषारी आहे, म्हणून पिण्याच्या पाण्यास तो वर्ज्य समजावा. टेफ्लॉनची फीत आट्यांचें टोंक आपल्याकडे धरून घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें गुंडाळावी. पांच-सहा वेढे द्यावे, फीत फार पातळ असल्यास अधिक. प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी नळ पान्ह्याचा सारा जोर लावून आवळूं नये, जोड तडकतो.

६. नळास धार न येणें

प्रथम विचारावें, एकाच नळाची धार कमी आहे कीं सर्वांची? एकाच नळाची असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी काढून धुवावी. बहुतेक वेळां तेवढ्यानेंच काम होतें. सर्वांची असेल, तर टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे कीं नाहीं व टाकींतील गाळ तोंडाशीं आला आहे काय, हें पाहावें.

दाब टाकीच्या उंचीनें येतो, तिच्या आकारानें नव्हे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो असतो. टाकी नळाहून ३ मीटरच उंच असेल, तर दाब त्याच्या तीन-दशांश. म्हणून मोठी टाकी घेतल्यानें धार वाढत नाहीं; टाकीखालचा चौथरा वाढवावा लागतो.

नळ एकाएकीं फुसफुसूं लागला व नंतर बंदच झाला, तर नळींत हवा अडकली असावी. नळी मध्येंच उंच होऊन पुन्हां खालीं येत असल्यास त्या उंचवट्यांत हवा सांचते. हें ज्ञान आपल्याकडे जुनें आहे. पेशवाईंत कात्रजच्या तलावाचें पाणी पुण्यास आणतांना त्या नळाच्या मार्गावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधले होते, ते आंतील हवा बाहेर जावी म्हणूनच. घरीं टाकीच्या निघत्या नळीवर एक उभी, वरून उघडी नळी टाकीच्या पाण्याहून उंच ठेवल्यास तेंच कार्य होतें. तूर्त उपाय म्हणून टाकी भरून सर्व नळ एकदम उघडावे व सर्वांत खालच्या नळापासून एकेक मिटत जावें.

७. तुंबलेली मोरी

मोरीच्या तळाशीं जो वांकडा भाग असतो, त्यास नहाणी ट्रॅप म्हणतात. आपल्या न्हाणी शब्दावरूनच तें नांव इंजिनिअर लोकांत रूढ झालें. त्यांत उभें राहणारें पाणी गटाराची दुर्गंधी व किडे अडवितें. फार दिवस न वापरलेल्या मोरीस वास येतो, तो हें पाणी आटल्यामुळें. एक बादली पाणी ओतलें म्हणजे वास थांबतो.

मोरी तुंबल्यास जाळी काढून केस व कचरा हातानें काढावा, मग रबरी पंपानें वर-खालीं दाब द्यावा, तेवढ्यानें न झाल्यास टोंक वांकविलेली तार घालून फिरवावी. भांडीं धुण्याच्या बेसिनाखालील बाटलीच्या आकाराचा भाग खालीं बादली ठेवून हातानें उघडतां येतो. ॲसिड ओतण्याची घाई करूं नये. ॲसिड व ब्लीचिंग पावडर यांचा संयोग झाल्यास क्लोरिन वायु निघतो व बंद न्हाणीघरांत तो जिवावर बेततो. राख, चहाचा चोथा व तेलकट खरकटें मोरींत न घालणें, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

८. सर्वांत मोठा धोका

आतांपर्यंत पाण्याच्या नासाडीचा विचार झाला. पुढील गोष्ट प्राणाची आहे. गांवचें पाणी बंद झालें म्हणजे नळींतील पाणी सखल भागाकडे ओढलें जातें व उंचावरील नळींत शोषण उत्पन्न होतें. त्या वेळीं जी फट एरवीं पाणी बाहेर टाकते, तीच भोंवतालचा चिखल व गटाराचें पाणी आंत ओढते. दुसरे दिवशीं तेंच पाणी आपल्या माठांत येतें. म्हणून गटाराजवळील गळती लहान असली, तरी ती सर्वांआधीं दुरुस्त करावी. गांवच्या नळीस थेट विजेचा पंप लावून पाणी ओढल्यानेंहि हेंच घडतें. आपला हौद भरतो, आणि शेजाऱ्याच्या लेकराच्या पोटांत गटार जातें.

याहून भयंकर प्रकार फवारणीच्या वेळीं होतो. औषधाचा ड्रम भरतांना नळाची रबरी नळी आपण ड्रमांत बुडवून ठेवतों. इतक्यांत पाणी गेलें, तर ड्रमांतील विषारी द्रावण नळींत शोषलें जाऊन घरच्या व गांवच्या पाण्यांत मिसळूं शकतें. रबरी नळीचें तोंड ड्रमाच्या कांठाहून निदान वीतभर वर धरावें. किंवा ड्रम बादलीनें भरावा. गुरांची डोणी व टाकी यांतहि येणाऱ्या नळाचें तोंड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीहून उंच असावें. हा नियम घरांतील सालगड्यापासून मुलांपर्यंत सर्वांस शिकवावा.

दुरुस्तीनंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहूं द्यावें व तें झाडांस घालावें. टाकीच्या १,००० लिटर पाण्यास सुमारें ५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलींत कालवून, गाळ खालीं बसल्यावर वरची निवळ टाकींत मिसळावी व निदान एक तासानंतर पाणी वापरावें. शंका असल्यास पहिले दिवशीं पिण्याचें पाणी उकळून घ्यावें.

९. जें स्वतः करूं नये

विजेच्या गीझरचें आंतील काम, पंपाची विजेची जोडणी व गांवच्या मुख्य नळीवरील सांधा हीं कामें जाणत्याकडूनच करवावीं. ओल्या हातानें पंपाच्या बटनास शिवूं नये. मैल्याच्या टाकींत तर कोणत्याहि कारणास्तव स्वतः उतरूं नये व मजुरासहि उतरवूं नये. तेथें प्राणवायु नसतो आणि विषारी वायु सांचलेला असतो; एकास काढण्यास उतरलेला दुसराहि परत येत नाहीं, अशा घटना वारंवार घडल्या आहेत. २०१३ च्या कायद्यानेंहि माणसाकडून अशी धोक्याची सफाई करवून घेण्यास मनाई केली आहे. उपसा करणारें यंत्र बोलवावें.

सारांश, पेरणीपूर्वीं आपण अवजारें तपासतों, त्याप्रमाणें वर्षांतून दोनदां, म्हणजे उन्हाळा लागण्यापूर्वीं व पावसाळा संपल्यावर, घरचे कॉक, चेंडू, सांधे व मोऱ्या तपासाव्या. काम करतांना मुलास व मुलीस जवळ उभें करावें आणि दुसरे वेळीं पान्हा त्यांच्या हातीं द्यावा. नाडा सांधण्याची विद्या अशीच आपल्यापर्यंत आली. पाणी मिळविण्यासाठीं आपण विहिरी खणल्या, कर्जें काढलीं, आभाळाकडे पाहिलें. तें मिळालेलें पाणी एका वायसरापायीं गमावणें कोणाहि शेतकऱ्यास शोभत नाहीं.